मन लावून काहीही न करणे

मांजराला काही शिकवता येतं यावर मांजर पाळणाऱ्या कुणाचाच विश्वास नसतो. पण १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या सेपुल्वेडा भागातल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात बॅरी स्टर्मन नावाच्या शास्त्रज्ञांनी मांजरांना शिकवलं. आणि शिकवलं तरी काय, तर गप्प बसायला.

झालं असं. भुकेल्या मांजराने दांडी दाबली की त्याला दूध आणि कोंबडीचं सूप मिळायचं. मग स्टर्मन यांनी नियम बदलला. आवाज चालू आहे तोवर थांबायचं, आवाज बंद झाला की दाबायचं. आता थांबलेली मांजरं एकदम स्तब्ध व्हायला लागली. नजर दांडीवर, अंग जागच्या जागी, पण झोप नाही. त्या वेळी त्यांच्या डोक्याला लावलेल्या तारांतून सेकंदाला १२ ते १५ आवर्तनांची एक लय उमटायची. स्टर्मन यांच्या मनात आलं, मग दांडी हवी कशाला? लय आली की सूप द्यायचं. मांजरांना हा सौदा पसंत पडला. आपल्या मेंदूत काय घडलं की वाडगं भरतं हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तरी ती ते घडवायला लागली.

पुढे रॉकेटच्या इंधनातला हायड्राझिनच्या जातीचा एक विषारी पदार्थ शरीराला किती बाधतो, हे तपासायचं काम स्टर्मन यांच्याकडे आलं. प्रयोगाला पुन्हा मांजरंच. (अमेरिकेने चंद्रावर माणूस पाठवला याचं कौतुक सगळे करतात, मांजरांना कुणी विचारत नाही.) बहुतेकांना अपेक्षेप्रमाणे फिटचे झटके आले. काहींना मात्र ते फार उशिरा आले किंवा आलेच नाहीत. ही कोण टणक मंडळी म्हणून जुन्या नोंदी चाळल्या, तर ती सूप पिऊन गप्प बसायला शिकलेली मांजरं निघाली! मग १९७२ साली स्टर्मन यांनी अपस्माराच्या एका तरुण रुग्णाबद्दल निबंध प्रसिद्ध केला. हीच लय वाढवायला शिकवल्यावर तिचे झटके कमी झाले होते.

न्यूरोफीडबॅक म्हणतात ते हे. डोक्यात काय चाललंय ते त्याच क्षणी डोळ्यांना किंवा कानांना कळेल अशी सोय करायची, आणि मेंदूने स्वतःचं स्वतः सुधारायचं. आज अमेरिकेत गावोगाव याचे दवाखाने आहेत. झोप येत नाही, मूल अभ्यासाला बसत नाही, नवरा ऐकत नाही, सगळ्यावर इलाज. या साऱ्या धंद्यात मला सर्वांत भरवशाचा साक्षीदार वाटतं ते मांजरच. मांजराने जाहिरात वाचलेली नसते. वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरलेले नसल्यामुळे ‘पडतोय हं थोडा फरक’ असं त्याला स्वतःला पटवावंही लागत नाही.

माणसाची गोष्ट निराळी. शिकागो विद्यापीठात जो कामिया यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी एका विद्यार्थ्याला अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून बसवलं. मधूनमधून घंटा वाजायची. आत्ता तुझ्या मेंदूत अल्फा लहर आहे की नाही, हे त्याने अंदाजाने सांगायचं आणि कामियांनी बरोबर की चूक ते सांगायचं. अल्फा म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांची निवांतपणाची लहर. पहिल्या दिवशी निम्मे अंदाज बरोबर आले, म्हणजे नाणं उडवल्यावर येतात तेवढे. पण काही दिवसांतच तो जवळजवळ एकही उत्तर चुकेना. कसं ओळखतोस, हे मात्र त्याला नीट सांगता येत नव्हतं. पुढे कामिया सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि १९६८ साली ‘सायकॉलॉजी टुडे’ मासिकात त्यांनी हे सगळं लिहिलं. १९६८, सॅन फ्रान्सिस्को! आधीच निम्मं गाव निर्वाणाच्या शोधात होतं, त्यांना आता तारेचा जवळचा रस्ता सापडला. सत्तरच्या दशकात घरगुती अल्फा यंत्रं विकायला आली. गुरू नको, हिमालय नको, मांडी घालायला नको.

यातली गंमत अशी की अल्फा ही मेंदूच्या परीक्षेतली सर्वांत सोपी लहर आहे. बहुतेक माणसांनी नुसते डोळे मिटले तरी ती वाढते. हे हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी फार पूर्वीच लिहून ठेवलं होतं. येना गावात त्यांनी माणसाच्या डोक्यावरून विजेची पहिली नोंद घेतली ती १९२४ साली. त्याच वर्षी आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि योगाला प्रयोगशाळेत बसवलं. तिकडे एक डॉक्टर डोक्याला तारा लावून मन शोधतोय, इकडे एक योगी क्ष-किरण आणि रक्तदाबाची यंत्रं मांडून प्राणायाम मोजतोय, आणि दोघांनाही एकमेकांची खबर नाही. एखाद्याने दोघांची पत्रं जुळवून दिली असती, तर अमेरिकेचा पुढचा सगळा खर्च वाचला असता.

अल्फाच्या या सोपेपणाचा सर्वांत प्रामाणिक उपयोग केला तो एका संगीतकाराने. एडमंड डुआन हे अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ. डोळे वर फिरवून अल्फा चालू-बंद करायची आणि तिने दिवा लावायचा-विझवायचा, असा त्यांचा उद्योग होता. त्यांनी आपली यंत्रसामग्री जवळच्याच ब्रँडाइस विद्यापीठातल्या आल्विन लूसिए या संगीतकाराला वापरायला दिली. १९६५ साली लूसिए डोक्याला तारा लावून रसिकांसमोर बसले. अल्फा लहर मोठी करून लाउडस्पीकरमध्ये सोडलेली, आणि त्या स्पीकरच्या हादऱ्यांनी ढोल, झांजा, घंटा वाजायच्या. कलाकाराने डोळे मिटून स्वस्थ बसलं की वाद्यवृंद सुरू, डोळे उघडले की शांतता. जगाच्या इतिहासात कलाकार जितका आळशी तितकी मैफल रंगते असा हा एकच कार्यक्रम असावा. आमच्या मराठी मंडळात याचा प्रयोग करावा अशी माझी फार इच्छा आहे. तबलजी मिळत नाही ही तक्रार तरी मिटेल.

मग १९७० साली कॅन्ससमधल्या टोपेका गावी स्वामी राम पोचले. गढवालचे. मेनिंगर फाउंडेशनमध्ये एल्मर ग्रीन आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ग्रीन हे दोघे अशा प्रयोगांत बुडालेले होते. स्वामींनी एकाच तळहाताच्या दोन जागांच्या तापमानात जवळपास दहा अंश फॅरनहाइटचा फरक पाडून दाखवला. हृदयाची अशी काही थरथर उडवली की १७ सेकंद नाडी लागेना. पण माझा आवडता प्रयोग वेगळाच आहे. स्वामी आडवे झाले आणि हलकेच घोरू लागले. मेंदूत गाढ झोपेच्या डेल्टा लहरी उमटल्या. मधूनमधून खोलीत कुणीतरी काही वाक्यं बोललं. उठल्यावर स्वामींनी ती वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी म्हणून दाखवली. ग्रीन दांपत्य थक्क झालं. आता, क्रिकेटच्या सामन्यासमोर घोरणाऱ्या मराठी काकांच्या हातातला रिमोट ज्याने कधी हळूच काढून घेतला असेल आणि ‘बघतोय मी’ हे ऐकलं असेल, त्याला थक्क होण्यासारखं यात काही वाटणार नाही. आमच्या काकांना कुणी टोपेकाला नेलं नाही, एवढाच फरक.

या विषयात मी पडलो तो झोपेमुळे. मी सनीव्हेलला राहतो, माझी टीम पुण्यात. त्यांची सकाळ आणि माझी रात्र यांच्या मधोमध माझी झोप कुठेतरी हरवली. बायको म्हणाली, कॉल बंद कर. मी म्हटलं, त्यापेक्षा मेंदूच बदलून बघतो. इथल्या एका दवाखान्यात नाव घातलं. दर बैठकीला दीडशे डॉलर, विमा कंपनीने हसून नकार दिलेला. एका सौम्य मुलीने डोक्याला गार चिकट मलम लावून इलेक्ट्रोड चिकटवले आणि पडद्यावर एक विमान दाखवलं. ते उडवायचं. हाताने काही करायचं नाही.

‘‘मग मी काय करू?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘काहीच नाही म्हणजे नेमकं काय?’’

तिने या प्रश्नाची सवय असल्यासारखं हसून सांगितलं, ‘‘प्रयत्न करू नका.’’

आता, ज्या घरात ‘प्रयत्न केलास का?’ हाच बालपणीचा एकमेव संवाद, तिथून आलेल्या माणसाला दीडशे डॉलर मोजून प्रयत्न करू नको म्हणणं हा अत्याचार आहे. पैसे देऊन काही न करण्याची आमच्या आळीत पद्धतच नाही. मी मन लावून काहीही न करायला लागलो. दात घट्ट आवळले, भुवया जवळ घेतल्या आणि जिद्दीने शांत झालो. विमान खाली आलं.

‘‘कपाळावरची आठी काढा,’’ मुलगी म्हणाली.

ही आठी नाही, हा माझा चेहरा आहे, हे तिला कसं सांगणार? आमच्या घराण्यात आठी घेऊनच माणूस जन्माला येतो, लग्नाच्या फोटोंतही ती आहे. तिचं म्हणणं मात्र शास्त्राला धरून होतं. डोक्यावर पोचणारी मेंदूची वीज इतकी क्षीण असते की साध्या पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचे तीस हजार तुकडे केले तर त्यातल्या एखाद्याएवढी भरेल. कपाळाचा किंवा जबड्याचा स्नायू आवळला की त्याची वीज तिला पार बुडवून टाकते. म्हणजे मी चिंतन करत होतो आणि यंत्र माझी आठी मोजत होतं. अनेक मोठ्या माणसांच्या चिंतनाचं हेच होत असेल, पण ते यंत्रावर बसत नाहीत.

यावर खरा प्रकाश पाडला तो जडसन ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, येल विद्यापीठात, २०१३च्या सुमारास. मुरलेल्या ध्यानस्थांना त्यांनी एमआरआय यंत्रात झोपवलं आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या एका पट्ट्याची हालचाल आलेखावर त्यांना दाखवत राहिले. मन भटकतं, ‘मी, माझं’ सुरू होतं, तेव्हा हा भाग तेजीत असतो आणि ध्यानात तो मंदावतो. ध्यान आपोआप लागलेलं असलं की आलेख खाली. आणि ‘आता नीट ध्यान करायचं हं’ म्हणून माणूस सरसावला की आलेख वर! वर्षानुवर्षं बसणाऱ्यांचीही ही गत. आपल्या समर्थांनी मनाला समजावायला दोनशेपाच श्लोक लिहिले. त्यावरून हे प्रकरण दोन-चार बैठकांत आटपणारं नाही एवढं तरी आमच्यासारख्यांनी ओळखायला हवं होतं.

एमआरआयचं यंत्र तारांच्या टोपीपेक्षा कितीतरी महाग आणि ऐटबाज. आमच्या घरापासून जवळच, स्टॅनफर्डमध्ये, क्रिस्तोफर डीचार्म्स, शॉन मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली चटका सोसणाऱ्या निरोगी माणसांना आणि जुनाट वेदना असलेल्या रुग्णांना या यंत्रात ठेवून पडद्यावर एक ज्योत दाखवली. वेदनेशी संबंध असलेला मेंदूचा एक भाग जितका जागा, तितकी ज्योत मोठी. ज्योत कमी-जास्त करायला लोक शिकले आणि वेदनाही कमी-जास्त झाल्याचं त्यांनी सांगितलं. निरोगी माणसांतल्या काही जणांना मात्र, त्यांच्या नकळत, दुसऱ्याच कुणाच्या मेंदूची ज्योत दाखवली होती. ते बिचारे मन लावून परक्याची ज्योत मालवत होते. मराठी एकत्र कुटुंबात वाढलेल्याला या कामाची कल्पना आहे. त्यांच्या वेदनेत तसा फरक पडला नाही.

या यंत्रात ‘त्याच क्षणी’ हेही तसं बोलण्यापुरतंच. ते विचार मोजत नाही, रक्तातल्या प्राणवायूचा फरक मोजतं आणि रक्त आपल्या सवडीने पोचतं. मेंदूने काही केलं की पडद्यावर कळायला पाचेक सेकंद लागतात. म्हणजे तुम्ही शांत होता, काही दिसत नाही म्हणून चिडता, आणि तेवढ्यात मघाच्या शांतीबद्दल शाबासकी येते.

आणि यंत्राला दिसतं ते सगळं खरंच असतं का? इथे माशाची हकीकत सांगायलाच हवी. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातून एक अख्खा सॅमन मासा आणला आणि डार्टमथ कॉलेजच्या एमआरआय यंत्रात ठेवला. मासा मेलेला होता. त्याला माणसांची छायाचित्रं दाखवून, यातल्या माणसाला काय वाटत असेल, असा प्रश्न रीतसर विचारण्यात आला. नेहमीचा आकडेमोडीचा कडक चाळणीचा टप्पा गाळून निकाल काढला, तर माशाच्या मेंदूतले काही ठिपके लखलखले. चाळणी लावली की ठिपके गायब. हजारो ठिकाणी एकदम मोजलं की कुठेतरी काहीतरी उजळणारच, ही गोष्ट त्यांना दाखवायची होती. २०१२ साली त्यांना इग नोबेल मिळालं. मालवणात हा प्रयोग झालाच नसता. प्रश्नावली संपेपर्यंत मासा तव्यावर गेला असता.

आता मुलांकडे येतो, कारण इथल्या देशी आयांचा खरा जीव तिथे अडकलेला आहे. गणिताचा क्लास आहे, स्पेलिंगची स्पर्धा आहे, कथ्थक आहे, आणि मुलगा खिडकीबाहेर बघत बसतो. टेनेसीच्या जोएल लुबार यांनी सत्तरच्या दशकात चंचल मुलांवर हे प्रयोग सुरू केले. तेव्हापासून ‘औषध नको, ट्रेनिंग द्या’ म्हणणाऱ्यांची रांग वाढतेच आहे. एक प्रकार असा की मुलाला त्याच्या आवडीचा सिनेमा लावून देतात. लक्ष असेपर्यंत चित्र स्वच्छ, लक्ष उडालं की पडदा अंधुक. म्हणजे जी माउली दिवसभर ‘डोळे फाडून टीव्ही बघू नकोस’ म्हणून ओरडते, तीच संध्याकाळी गाडी काढून, दीडशे डॉलर भरून, मुलगा डोळे फाडून टीव्ही बघतोय ना याची काचेतून खात्री करते.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या युजीन आर्नल्ड यांच्या गटाने याचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. सात ते दहा वर्षांची १४४ मुलं घेतली. काहींना खरं न्यूरोफीडबॅक, बाकीच्यांना हुबेहूब तसंच दिसणारं खोटं, ज्यात पडद्यावर आधीच नोंदून ठेवलेल्या दुसऱ्या मुलाच्या मेंदूची हालचाल. खरं कुणाला, खोटं कुणाला, हे ना मुलांना ठाऊक, ना आईबापांना, ना समोर बसणाऱ्यांना. अडतीस बैठका. २०२१ साली निकाल आला. मुलं चांगली सुधारली. दोन्ही गटांतली! खरं घेतलेल्यांत आणि खोटं घेतलेल्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

शास्त्रज्ञ यामुळे हिरमुसले असतील. मला हा निकाल भलताच आवडला. माझा आपला एक अंदाज आहे. अडतीस वेळा त्या मुलाला घेऊन कुणीतरी वेळेवर गाडी काढली, अडतीस वेळा एक प्रेमळ माणूस शेजारी बसून ‘छान, जमतंय’ म्हणाला, आणि तेवढा वेळ त्याला कुणी स्पेलिंग विचारलं नाही. कुणाचीही चंचलता उतरेल. हे घरी फुकटात करता येईल असं मी बायकोला सुचवलं. ती म्हणाली, ‘‘अडतीस वेळा? तू?’’ विषय तिथे थांबला.

माझी झोप परत आली. त्याच महिन्यात पुण्याच्या टीमने कॉलची वेळ बदलली होती, पण ते मी दवाखान्यातल्या त्या मुलीला सांगितलं नाही. तिला इतका आनंद झाला होता.

एवढ्यात सांगलीची आत्या इथे आली. मुलाने वाढदिवसाला घेतलेला, कपाळावर बांधायचा एक पट्टा घरात पडला होता. फोनला जोडायचा. मन अस्थिर असलं की कानात वादळाचा आवाज, शांत झालं की पक्षी किलबिलतात. या पक्ष्याने आम्हा सगळ्यांना छळलं होतं. तो बोलला की ‘आला, आला!’ असा आनंद होतो आणि त्या आनंदाने तो उडून जातो. मुलगा चिडून वादळ आणायचा. मी भुवया सैल करून एखादी चिमणी मिळवायचो. आत्या रोज सकाळी जप करते. मुलाच्या हट्टापायी एक दिवस तिने पट्टा बांधून माळ घेतली. फोनवरचे आकडे आम्ही श्वास रोखून बघत होतो. वादळ नाहीच, पक्ष्यांचा थवाच्या थवा. मध्येच तिचा डोळा लागला होता का, हे आम्ही ठरवू शकलो नाही. तिची मानही थोडी कलली होती.

माळ संपल्यावर तिने पट्टा काढला आणि बाजूला ठेवला. ‘‘ती पाखरं आधी बंद करा रे. जपात लक्ष लागू देत नाहीत मेली.’’

‘‘आत्या, तुला शंभरातले ब्याण्णव पडले. घरात सगळ्यात जास्त!’’

‘‘असल्या गोष्टींना मार्क कसले देता?’’ ती तुच्छतेने म्हणाली आणि माळ डब्यात ठेवायला आत गेली. दोन मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारातून तिचं डोकं बाहेर आलं.

‘‘खालच्या मजल्यावरच्या त्या पुण्याच्या बाईंना किती पडले म्हणालास?’’